चाकांखालची जमीन

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभेत आवाज सर्वांत जास्त कोणत्या विषयावर चढतो, असे मला कोणी विचारले, तर मी क्षणाचाही विचार न करता सांगेन : गाडी उभी करण्याच्या जागेवर. गच्ची गळते, पंप बिघडतो, जिन्यातला दिवा महिनोन्‌महिने लागत नाही. या गोष्टींवर माणसे कुरकुरतात, चिटणीस खाली मान घालून आकडे वाचतात आणि ठराव मंजूर होतो. पण 'वाहनांच्या जागांचे वाटप' हे शब्द कानांवर पडले, की मागच्या रांगेत पेंगणारे गृहस्थदेखील सावरून बसतात. वीस-वीस वर्षे ज्यांच्या घरांतून एकमेकांकडे फराळाची ताटे गेली, तेच शेजारी त्या संध्याकाळी एकमेकांची कायदेशीर पत काढू लागतात.

अडीच मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब अशा जमिनीच्या तुकड्यावर दिवाळी अंकात निबंध लिहावा काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण मला असे वाटते, की नीतीचे प्रश्न आपल्या दारी फार साध्या वेषात येतात. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या वाट्याला कुरुक्षेत्र येत नाही. नळ, जिना, ओटा आणि आवार येते. तेथे आपण कसे वागतो यावरच आपली परीक्षा व्हायची.

मी मुंबईच्या पश्चिम उपनगरात, बोरिवलीस राहतो. एका शाळेत चित्रकला शिकवतो, आणि रात्री मुले झोपली, की कादंबऱ्या लिहितो. आमच्या भागातून दहिसर ते अंधेरी पश्चिम अशी मेट्रो धावते. तिचा पहिला टप्पा २ एप्रिल २०२२ रोजी सुरू झाला आणि उरलेल्या मार्गाचे उद्घाटन १९ जानेवारी २०२३ रोजी झाले. आमच्या फाटकापासून स्थानकाच्या जिन्यापर्यंत चालत सात मिनिटे लागतात, पावसात नऊ. इमारतीत ४८ बिऱ्हाडे आहेत आणि खांबांच्या मधल्या मोकळ्या तळमजल्यावर गाड्यांच्या जागा २०. त्या ४८ बिऱ्हाडांपैकी १४ भाड्याने राहतात.

दिवाळीनंतर आमच्या संस्थेची विशेष सभा आहे. विषयपत्रिकेवर एकच ठराव आहे : आवारातील वाहनांच्या जागा यापुढे केवळ मालक-सभासदांनाच मिळाव्यात आणि भाडेकरूंनी आपली वाहने, दुचाकीसुद्धा, आवाराबाहेर ठेवावीत. कारण असे दिले आहे, की मेट्रो जवळ आली असल्यामुळे भाडेकरूंची गैरसोय होणार नाही.

या ठरावावर मला एक मत आहे. मी मालक आहे. म्हणजे अकरा वर्षांनी बँकेचे कर्ज फिटले की होईन. त्याआधी बारा वर्षे मी भाड्याने राहिलो. मोटार मला नाही, एक जुनी स्कूटर आहे, आणि ठराव मंजूर झाला तर तिला ऐसपैस जागा मिळेल. तेव्हा स्वार्थ पाहायचा, तर माझा हात ताबडतोब वर जायला हवा. तो जात नाही. का जात नाही, हे स्वतःलाच समजावून सांगण्यासाठी हा लेख.

आधी मालकांची बाजू ऐकली पाहिजे. ती आमच्या आप्पांपेक्षा चांगली कोणी मांडू शकणार नाही. आप्पा पंचाहत्तरीचे आहेत. इमारत उभी राहिली त्या दिवसापासून येथे राहतात. परवा जिन्यात गाठ पडली तेव्हा ते मला म्हणाले, "मास्तर, २६ जुलै २००५च्या पुरात या आवारात कमरेइतके पाणी होते. नंतर कुंपणाची भिंत उचलली, पंप बदलला, विजेच्या पेट्या वर घेतल्या. पैसे कोणी काढले? मालकांनी. उद्या खांबाला तडा गेला तर झोप कोणाची उडणार? माझी. भाडेकरू अकरा महिन्यांनी टेम्पो बोलावील आणि निघून जाईल. ज्याला या इमारतीच्या उद्याची चिंता नाही, त्याने तिच्या आजवर हक्क सांगावा, हा कुठला न्याय?"

आप्पांच्या बोलण्यात स्वार्थ नाही असे मी म्हणत नाही. पण त्यात सत्य आहे. घर बांधून ठेवणे आणि घर वापरणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले अधिक जड आहे. वापरणाऱ्याचा हक्क अतोनात फुगून सांभाळणाऱ्याला गिळू लागला म्हणजे काय होते, ते या मुंबईने पाहिले आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला उघड्यावर पडू दिले नाही, हे त्याचे मोठे उपकार. पण भाडी गोठली, पागडीचा चोरटा व्यवहार वाढला, मालकांनी डागडुजी सोडून दिली, आणि ज्या भिंतींनी भाडेकरूला आश्रय द्यायचा त्याच भिंती खचू लागल्या. शेवटी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी सरकारला वेगळे मंडळ काढावे लागले. म्हणून 'जो राहतो त्याचेच सारे' असे म्हणून मला मोकळे होता येत नाही.

परंतु आप्पांच्या युक्तिवादात एक सांधा निखळलेला आहे. मालकीतून दोन गोष्टी निघतात : एक सत्ता आणि दुसरा उपभोग. इमारतीला रंग कोणता द्यावा, भिंत किती उंच करावी, पुनर्विकास करावा की नाही, हे ठरवण्याची सत्ता मालकाची. त्याबद्दल वाद नाही. किंमत वाढली तर ती त्याची, घटली तरी त्याची. पण जो मालक आपली जागा भाड्याने देतो, त्याने तेवढ्या मुदतीपुरता उपभोग दुसऱ्याच्या स्वाधीन केलेला असतो, आणि त्याचा मोबदला दरमहा घेतलेला असतो. शेत खंडाने दिले, की खंड मालकाचा. पण वाफ्यातली भाजी कसणाऱ्याची. खंडही घ्यायचा आणि संध्याकाळी टोपली घेऊन भाजी खुडायलाही जायचे, असा मालक गावात फार दिवस मान राखून राहू शकत नाही.

आमच्या पहिल्या मजल्यावरच्या एका सदनिकेचे मालक पुण्याला स्थायिक झाले आहेत. सदनिका भाड्याने दिली आहे, पण त्यांची जुनी मोटार राखाडी आच्छादन पांघरून खालच्या त्यांच्या जागेत उभी आहे. गणपतीत दोन दिवस ते येतात, आच्छादन काढतात, गाडी सुरू होते की नाही ते पाहतात आणि पुन्हा झाकून जातात. त्यांचा भाडेकरू रात्री गाडी लावायला रस्त्यावर जागा शोधत हिंडतो. बाहेर राहणाऱ्या मालकाकडून संस्था देखभाल खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत अधिक आकार घेऊ शकते, असा शासनाचा २००१चा आदेश आहे. तो आकार आमची संस्था घेते, मालक तो भाड्यात धरतो, म्हणजे शेवटी भाडेकरूच्या खिशातून जातो. जो अधिक देतो तो बाहेर, आणि जो येथे राहतच नाही त्याची गाडी आत. मालकी या शब्दाचा अर्थ इतका ताणला, की तो फाटतो.

आता ही मालकी तरी नेमकी कशाची, हेही पाहण्यासारखे आहे. आपण 'माझी पार्किंगची जागा' असे मोठ्या विश्वासाने म्हणतो. आमच्याच मेट्रोच्या एका टोकाला, दहिसरला, एका सोसायटीत खांबांखालच्या २५ जागांवरून वाद झाला होता. बांधकाम करणाऱ्याचे म्हणणे असे, की या जागा त्याच्या, तो हव्या त्याला विकील. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्यायालयाने निकाल दिला, की खांबांखालच्या जागा हा इमारतीच्या सामाईक भागाचा अंश आहे. त्या सुट्या विकता येत नाहीत. संस्थांसाठी शासनाने जे आदर्श उपविधी केले आहेत, त्यांतही ज्या सभासदाकडे वाहन आहे त्यालाच जागेची पात्रता सांगितली आहे, जागा कमी पडल्यास सोडत काढावी असे म्हटले आहे, आणि मिळालेली जागा परस्पर दुसऱ्याला विकण्याची मनाई केली आहे. याचा अर्थ उघड आहे. जागा वापरासाठी मिळते, मिरासदारीसाठी मिळत नाही.

याहूनही मौजेची गोष्ट इतिहासात आहे. मुंबईतील पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली गावदेवीला उभी राहिली. सहकारी चळवळीचे कार्यकर्ते श्रीपाद सुब्राव तल्मकी हे तिचे प्रवर्तक. तिची कल्पना अशी, की जमीन आणि इमारत संस्थेच्या मालकीची. सभासद हे संस्थेचे भाडेकरू. सर्वांनी मिळून मालक व्हायचे आणि एकेकट्याने भाडेकरू राहायचे. आजही महाराष्ट्राच्या सहकारी नियमांत गृहनिर्माण संस्थांचे जे प्रकार दिले आहेत, त्यांत 'भाडेकरू सहभागीदारी' हा एक प्रकार आहे, आणि शहरांतल्या सदनिकांच्या असंख्य संस्था त्यातच मोडतात. म्हणजे आप्पा काय आणि मी काय, ज्या कागदाच्या बळावर आम्ही मालक म्हणून मिरवतो, त्याच कागदाच्या कपाळावर 'भाडेकरू' हा शब्द लिहिलेला आहे. आणि ज्याला आम्ही तुच्छतेने भाडेकरू म्हणतो, तो कायद्याच्या भाषेत भाडेकरूही नाही. अकरा महिन्यांचा परवानाधारक आहे, संस्थेचा 'नाममात्र सभासद' आहे. नाममात्र! शब्दच बोलका आहे. त्याला मत नाही.

मला वाटते, प्रश्नाची खरी गाठ येथे आहे. ज्याच्याविषयी निर्णय व्हायचा तो माणूस सभेत नाही. मालकांनी मालकांपुढे मालकांच्या बाजूने हात वर करायचे. ठराव एकमताने मंजूर होणारच. पण एकमत आणि न्याय एकाच घरात राहतात असे नाही. समोर प्रतिपक्षच नसतो, तेव्हा त्याची बाजू आपल्या मनात उभी करणे हे सत्ता असणाऱ्याचे कर्तव्य ठरते. म्हणून आप्पांची बाजू जशी मांडली, तशी आता इतरांचीही मांडतो.

तिसऱ्या मजल्यावरचा तरुण विमानतळावर मालाच्या गोदामात काम करतो. आठवड्यातून तीन दिवस त्याची पाळी पहाटे तीनला सुरू होते. त्या वेळी मेट्रो बंद, लोकल बंद. मध्यरात्री एकनंतर पहाटे चारपर्यंत मुंबईचे रूळ झोपलेले असतात. त्याची मोटारसायकल हीच त्याची मेट्रो. तो भाडेकरू आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. स्थानकाचा जिना दूरच, फाटकापर्यंतही त्यांना चालवत नाही. मुलाच्या गाडीवाचून त्यांचा दवाखाना होत नाही. त्या मालक आहेत. पाचव्या मजल्यावरचे एक अधिकारी भाड्याने राहतात. त्यांच्या दोन मोठ्या गाड्या आहेत, आणि कचेरीला मात्र ते वातानुकूलित मेट्रोने जातात, कारण रस्त्यावर वेळ फुकट जातो. आणि चौथ्या मजल्यावरच्या एका मालकांनी मेट्रो सुरू झाल्यावर आपली गाडी शहाणपणाने विकून टाकली. पण जागा सोडली नाही. दोन लोखंडी खुंट्यांच्या मध्ये साखळी लावून तिला कुलूप घातले आहे. आत काहीही नाही. दिवसरात्र ते कुलूप मोकळ्या जमिनीची राखण करीत असते.

या चौघांना मालक आणि भाडेकरू अशा दोन रांगांत उभे केले, तर आपल्याला काय कळते? कोणाचे नाव कोणत्या नोंदवहीत आहे, एवढेच. गाडी कोणाला हवी आहे, हे कळत नाही. चौघांतल्या दोघांचे चाकांवाचून अडते. त्यांतला एक भाडेकरू आहे आणि एक मालक. दोघांचे अडत नाही. त्यांतही एक मालक आहे आणि एक भाडेकरू. गरजेची रेघ उभी जाते आणि मालकीची आडवी. चित्रकलेच्या मास्तराला एवढे तरी कळायलाच हवे, की आडव्या रेघेने उभी रेघ पुसली जात नाही.

पण मेट्रो जवळ आहे ना, मग भाडेकरूला गाडी कशाला, असे ठराव म्हणतो. हे वाक्य मी पुनःपुन्हा वाचले. सात मिनिटांवर मेट्रो आली ती भाडेकरूसाठी आली आणि मालकासाठी आली नाही, असे कसे होईल? तिच्या जिन्यावर कोणी खरेदीखत तपासत नाही. मेट्रोमुळे गाडीची गरज कमी झाली हे खरे असेल, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते खरे आहे, तर मालकाचीही गरज तेवढीच कमी झाली. केंद्र सरकारच्या नगरविकास खात्याने २०१७ साली सार्वजनिक वाहतुकीभोवतीच्या वस्तीविषयी एक धोरण जाहीर केले. स्थानकापासून ५०० ते ८०० मीटरांच्या टापूत गाड्यांसाठी जागा आखडती ठेवावी, चालणाऱ्याला प्राधान्य द्यावे, असे त्याचे सूत्र आहे. त्यात मालकांना एक माप आणि भाडेकरूंना दुसरे माप असे काही नाही.

उलट पाहिले तर हिशेब मालकाच्या अंगावर येतो. स्थानकाजवळच्या घरांना किंमत अधिक येते, आणि मेट्रो काही आप्पांच्या किंवा माझ्या वर्गणीतून झालेली नाही. सरकारी पैशाने आणि कर्जाने झाली. तिच्यामुळे वाढते ती मालकाची मालमत्ता आणि भाडेकरूचे भाडे. एकाच रुळावरून धावणाऱ्या गाडीने एकाच्या पदरात टाकले आणि दुसऱ्याच्या खिशातून काढले. ज्याच्या खिशातून गेले त्यालाच वर 'तुला मेट्रो आहे, तू चाक बाहेर काढ' असे सांगणे शोभत नाही.

मग गरज नसलेल्यांच्या गाड्यांचा भार कोण वाहतो? लॉस एंजलिसच्या विद्यापीठातील डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी गाड्या उभ्या करण्याच्या एका प्रश्नाला आपले आयुष्य वाहिले. २००५ साली त्यांचा या विषयावरचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला. २०२५च्या फेब्रुवारीत ते वारले. त्यांचे सांगणे थोडक्यात असे, की फुकटची गाडीची जागा कधीच फुकट नसते. तिची किंमत घराच्या भाड्यात, दुकानातल्या मालात मिसळून जाते, आणि ज्याच्याकडे गाडी नाही तोही ती भरतो. आमच्या संस्थेतही तेच घडते. तळमजल्याची फरशी, दिवे, पहारेकरी, पावसाळ्यातला उपसा यांचा खर्च ४८ घरांत विभागला जातो. गाडीसाठी वेगळे म्हणून घेतात ते नाममात्र. एका खोलीत म्हातारी आई आणि दोन मुले घेऊन राहणारी, मेट्रोने शिवणकामाच्या कारखान्यात जाणारी भाडेकरू बाई पाचव्या मजल्यावरच्या दोन मोठ्या गाड्यांच्या मुक्कामाला दरमहा हातभार लावते. तिला हे ठाऊकही नाही.

ही जागा किती, याची कल्पना मुलांना यावी म्हणून या वर्षी मी सहावीच्या वर्गात एक प्रयोग केला. प्रमाणबद्ध आराखडा शिकवायचा होता. बाके भिंतीला सरकवून फरशीवर खडूने अडीच बाय साडेपाच मीटरचा आयत काढला आणि म्हटले, "ही एका मोटारीची जागा. हिच्यात किती जण मांडी घालून बसू शकता, पाहू." दाटीवाटीने, पण तक्रार न करता, ३५ मुले बसली. मग आम्ही क्षेत्रफळ काढले : पावणेचौदा चौरस मीटर, म्हणजे सुमारे १४८ चौरस फूट. वरळी, नायगाव आणि डिलाईल रोडला १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली एक खोली १६० चौरस फुटांची. त्या खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या संसार झाले, बाळंतपणे झाली, दिवाळीचे कंदील लागले. मोटारीची जागा तिच्याहून जेमतेम बारा चौरस फुटांनी कमी. एक मुलगी म्हणाली, "सर, गाडी ऑफिसला गेली की दिवसभर या जागेत कोण असते?" मी म्हटले, "कोणी नाही." "मग आम्हांला तिथे खेळायला का ओरडतात?" तिच्या या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही उपविधीत मला सापडले नाही.

गरजेप्रमाणे वाटप म्हटले, की लोक हसतात. आणि हसण्याला कारण आहे. गरज विचारायला निघालो, की उद्या इमारतीतल्या प्रत्येकाचे गुडघे दुखू लागतील आणि प्रत्येकाची पाळी पहाटे तीनची होईल. जपानने या बाबतीत एक कोरडा पण निर्मळ मार्ग काढला. १९६२च्या तेथील कायद्याप्रमाणे गाडी ठेवायला जागा आहे, याचा दाखला दिल्याखेरीज गाडी नावावर होत नाही. ती जागा घरापासून दोन किलोमीटरांच्या आत असावी लागते. जागा मालकीची आहे की भाड्याची, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. 'तू कोण?' असे तो विचारत नाही. 'गाडी कोठे ठेवणार?' असे विचारतो. प्रश्न बदलला, की भांडणाचे तोंड बदलते.

म्हणून मी सभेपुढे उपसूचना मांडणार आहे. जागा सदनिकेत प्रत्यक्ष राहणाऱ्याच्या वाहनासाठी असावी, मग तो मालक असो वा भाडेकरू. सभासदत्वाच्या नियमाची अडचण आली, तर जागा मालकाच्या नावे द्यावी, पण वापर राहणाऱ्याचा. दर सदनिकेस एकच, आणि दरवर्षी सोडत. सोडतीपूर्वी चार जागा ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी आणि एक संपूर्ण जागा रात्रपाळीवाल्यांच्या दुचाकींसाठी राखावी. दाखला डॉक्टरचा किंवा कचेरीचा. गाडीच्या जागेचा आकार खऱ्या खर्चाइतका घ्यावा आणि तेवढी सूट गाडी नसलेल्या घरांना देखभालीत द्यावी. ज्याची जागा तीन महिने रिकामी किंवा आच्छादनाखाली राहील, त्याने ती परत करावी. आणि एक जागा कोणालाच देऊ नये. रुग्णवाहिका आली तर तिच्यासाठी, न आली तर मुलांसाठी.

उपसूचना मंजूर होईल असा भरवसा मला नाही. आप्पा म्हणतात, "मास्तर, तुम्ही मालक होऊनही भाडेकरूच राहिलात." हे मला दूषण वाटत नाही. बारा वर्षांत पाच घरे बदलली, प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवशी पहारेकरी विचारायचा, "ओनर की रेंटल?" त्या दोन शब्दांनी माझ्या स्कूटरची जागा ठरायची, आणि थोडीशी माझीही. मालकी मिळाली म्हणून तो प्रश्न मी विसरलो, तर घेतलेल्या चार भिंतींत मी काय कमावले?

गेल्या दिवाळीत आमच्या मुलांनी साखळी-कुलुपातल्या त्या मोकळ्या जागेत किल्ला केला. साखळीखालून सरपटत आत गेली. कुलूप मोटारींसाठी होते, मुलांसाठी नव्हते. त्यांचेही भांडण झालेच. माती आणणारा म्हणे किल्ला माझा. बुरूज रचणारे म्हणत आमचा. मी वरून खिडकीतून ऐकत होतो. मध्ये पडलो नाही. तासाभराने त्यांनी आपापसांत तह केला : ज्याची माती त्याने किल्ला कोणता ते ठरवावे, पण ज्याने हात लावला त्या प्रत्येकाचा एकेक मावळा वर उभा राहील, आणि दिवाळी संपल्यावर फरशी सर्वांनी मिळून धुवायची. ठरवण्याचा मान एकाला, जागा सर्वांना, आणि जबाबदारीही सर्वांना. आमच्या संस्थेच्या उपविधींची पाने पुष्कळ आहेत, पण इतके नेमके कलम त्यांत नाही.

सभा तुळशीच्या लग्नानंतर, रविवारी सकाळी, खाली तळमजल्यावरच आहे. भाडेकरूंना मत देता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण अध्यक्षांनी अनुमती दिली, तर त्यांना बोलावून बसायला खुर्ची देण्याच्या आड कोणतेच कलम येत नाही. चौदा घरांच्या चौदा खुर्च्या अधिक मांडाव्या लागतील. जागेची अडचण कोणी सांगू नये. वर्गात आम्ही मोजून पाहिले आहे : एक गाडी तासभर बाहेर काढली, की त्या सहज मावतात.